जुन्या जिप्सी किंगला लावलेले आफ्टरमार्केट पार्ट: पाटे, टायर, स्टिअरिंग, लाइट, सगळ्याचा रिव्ह्यू

मुद्द्याचं आधी सांगतो. जुन्या जिप्सीवर पैसे घालणार असाल तर पहिला पैसा लिफ्ट किटवर (गाडी उंच करणाऱ्या पार्टच्या सेटवर) नाही, बंपरवर तर नाहीच नाही, पहिला पैसा पुढच्या हौसिंगच्या (दोन चाकांमधल्या ॲक्सलच्या आडव्या नळीच्या) किंगपिन बेरिंगवर, ट्रान्सफर केसच्या (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या डब्याच्या) रबरांवर आणि पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) बुशवर. हे तीन झाल्याशिवाय वरून काहीही लावा, गाडी मनासारखी चालणार नाही आणि बोल मात्र नवीन पार्टला लागणार.

गाडी म्हणजे मारुती जिप्सी किंग, 2005 ची, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाली), सॉफ्ट टॉप. इंजिन 1298 सीसी, 16 व्हॉल्व्ह, 80 एचपी. गाडी कोल्हापुरात असते, पावसाळ्यात गगनबावडा, करूळ, भुईबावडा, दाजीपूर असं फिरणं आणि उरलेल्या दिवसांत गावातली साधी कामं, बाजार, शेतावर जाणं. हे सांगायचं कारण म्हणजे चंदीगड-दिल्लीकडची मंडळी लडाखसाठी, रॅलीसाठी जी जिप्सी बनवतात तिचा हिशोब वेगळा, बंगळूरवाले चिखलात स्पर्धा करतात त्यांचा आणखी वेगळा. माझा रिव्ह्यू हा घाट, पाऊस, लाल मातीचे रस्ते आणि रोजचा वापर याच्यापुरता आहे, तेवढ्यासाठी मात्र एकेक पार्ट नीट वापरून बघितलाय.

किंगपिनबद्दल जरा सविस्तर बोलतो कारण हे कुणी सांगतच नाही. जिप्सीचं पुढचं हौसिंग एकसंध आडवं, त्याच्या दोन्ही टोकांना जो गोळा असतो त्याच्या वर आणि खाली एकेक छोटं टेपर बेरिंग, आणि त्याच्यावर अख्खा नकल (चाक धरणारा सांधा) चाकासकट फिरतो. वर्षानुवर्षं गाडी सरळ रस्त्यावर चालली की बेरिंगचे रोलर एकाच जागी बसून कपात खाचा पाडतात, मग साठ-सत्तरच्या स्पीडला एखादा खड्डा लागला की स्टिअरिंग असं थरथरतं की गाडी थांबवल्याशिवाय ते थांबत नाही. लोक काय करतात, व्हील बॅलन्सिंग, अलाइनमेंट, मग नवीन टायर, आणि शेवटी दुकानदार स्टिअरिंग डॅम्पर गळ्यात मारतो. डॅम्पर वाईट वस्तू नाही, पण तो थरथर दाबून ठेवतो, आत खाचा तशाच राहतात आणि वाढत जातात. बेरिंगचे चारही सेट बदला, नकलची ऑइल सील आणि फेल्ट बदला, आणि बेरिंग घेताना जुन्यावरचा नंबर वाचून थेट बेरिंगच्या दुकानात जा, स्पेअरच्या दुकानातल्या साध्या पुडीतल्या बेरिंगपेक्षा नावाजलेल्या कंपनीचं बेरिंग तिथं खात्रीनं मिळतं.

बसवताना खरी कला शिमची. किंगपिनखाली पातळ शिम (चकत्या) असतात, शिम काढली की बेरिंग आवळतं, घातली की सैल होतं. माझ्या मिस्त्रींनी, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो, सील न बसवता नकलच्या टोकाला स्प्रिंगचा वजनकाटा अडकवला आणि ओढून बघितलं, मॅन्युअलमधल्या आकड्याला येईपर्यंत शिम बदलत राहिले. "अंदाजानं आवळायचं काम नाही हे," म्हणाले, "सैल राहिलं तर थरथर, जास्त आवळलं तर स्टिअरिंग परत आपणहून सरळ होत नाही." ज्या मिस्त्रीकडं हा काटा लावायची पद्धत आहे त्याच्याकडं डोळे झाकून जिप्सी द्या. आणि हो, चाकाच्या आतल्या बाजूला तेल-ग्रीसचं काळं पाणी गळताना दिसलं तर आतलं ॲक्सल सील गेलंय, हौसिंगमधलं तेल गोळ्यातल्या ग्रीसमध्ये मिसळतंय, ते याच कामात उरकून घ्या, परत सगळं खोलायची मजुरी वाचते.

ट्रान्सफर केसचं पण तसंच. जिप्सीत ती गिअरबॉक्सला चिकटलेली नाही, वेगळी लटकते, मध्ये एक छोटा प्रोपेलर शाफ्ट, आणि तीन रबरांवर चेसिसला धरलेली. रबरं बसली की तिचा कोन बदलतो आणि उचल देताना खालून घुमल्यासारखा आवाज आणि कंपन येतं, लोकांना वाटतं गिअरबॉक्स गेला. इथं बाजारात पॉलीयुरेथेनचे माउंट मिळतात, दिसायला एकदम भारी, लाल-पिवळे. माझं स्पष्ट मत, ट्रान्सफर केसला पॉली लावू नका, कंपन सगळं फ्लोअरमधून पायात येतं, लांबच्या प्रवासात अंग आंबून जातं. कंपनीची साधी रबरंच इथं बेस्ट. पाट्यांच्या डोळ्यात मात्र पॉली बुश चांगले चालतायत, फक्त बसवताना सिलिकॉन ग्रीस लावा नाहीतर कोरडे झाले की प्रत्येक स्पीडब्रेकरला कुईंकुईं चालू. शाफ्टचे क्रॉस ग्रीस निपलवाले घ्या आणि खरंच ग्रीस मारत जा, पाण्यातून गाडी काढली की परत मारा.

आता पाटे आणि शॉकअप, ज्यासाठी बहुतेक लोक हे वाचतायत. जिप्सीचे कंपनीचे पाटे कडक असतात हे सगळ्यांना माहीत आहे, पुढं-मागं दोन्हीकडं पाटे, त्यात गाडी टनाभराचीच, रिकामी असली की उडते. आपलं नशीब चांगलं की हीच गाडी बाहेरच्या देशांत सुझुकी सामुराई किंवा सिएरा म्हणून चालली, त्यामुळं ऑस्ट्रेलियात तिच्यासाठी सस्पेन्शनचा धंदाच उभा राहिला, ओल्ड मॅन इमू, आयर्नमन असली नावं तिथलीच. मी तसंच एक ऑस्ट्रेलियन किट लावलं, दीडेक इंच लिफ्टचं, चार पाट्यांचे सेट, चार शॉक, बुश, यू-बोल्ट, शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी हलती पट्टी) सगळं एकत्र. फरक खरोखर मोठा आहे. गगनबावड्याच्या अलीकडच्या उखडलेल्या रस्त्यावर आधी मागं बसलेल्या माणसाला डोकं हुडाच्या पाइपला आपटायची भीती असायची, आता आरामात बसतोय. पाट्यांची संख्या, जाडी आणि टोकाला केलेली निमुळती घडण यामुळं पाटे एकमेकांवर कमी घासतात, छोट्या खड्ड्यालाही हलतात, आणि शॉक त्या पाट्याला जुळवून बनवलेला असतो, म्हणून उडी मारून परत परत डोलत नाही.

पण घेताना एक गोष्ट. या किटमध्ये हलक्या, मध्यम, जड वजनासाठी वेगवेगळे पाटे येतात आणि दुकानदार, बहुतेक त्याच्याकडं जे पडून असतं म्हणून, जड वजनाचे देतो आणि म्हणतो टिकाऊ आहे. पुढं स्टीलचा बंपर आणि विंच नसेल, मागं दोन जेरीकॅन आणि छतावर कॅरिअर नसेल तर जड पाटे घेऊ नका, कंपनीच्या पाट्यांपेक्षाही कडक लागतील. मी हलके घेतले आणि चार माणसं, सामान घेऊन घाट चढताना कुठं कमी पडल्यासारखं वाटलं नाही.

किटचे पैसे भरपूर होतात, तेवढे नसतील तर कोल्हापुरातल्या आपल्या उद्यमनगरात पाटेवाल्यांची जुनी दुकानं आहेत, ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉली, जीप सगळ्यांचे पाटे तिथं बनतात. एका मित्रानं त्याच्या जिप्सीला तिथं ईएन 45 ए स्टीलचा नवीन सेट बनवून घेतला आणि वर चांगल्या भारतीय कंपनीचे गॅस शॉक टाकले, माझ्या किटच्या चौथ्या हिश्श्यात काम झालं आणि चालवायला सत्तर टक्के तरी फरक पडलाय असं मी स्वतः चालवून सांगतो. फक्त पाटेवाल्याला एक प्रश्न विचारा, तापवून वाकवल्यावर तेलात बुडवता का आणि परत टेंपर (ठिसूळपणा जावा म्हणून हलकं तापवणं) करता का. नुसताच भट्टीत लाल करून ठोकून कमान दिलेला पाटा दिसायला छान उंच दिसतो, स्टीलचा कस मात्र गेलेला असतो, एका पावसाळ्यात परत खाली बसतो. दुसऱ्या गावातल्या एका दुकानात माझ्या आधीच्या पाट्यांचं हेच झालं होतं, मजुरी गेली आणि पाटेही गेले. ज्यांच्याकडं भट्टीच्या बाजूला तेलाची टाकी आहे आणि थंड पाट्याला प्रेसवर कमान द्यायची सोय आहे तिथंच काम द्या.

सगळ्यात स्वस्त लिफ्ट म्हणजे लांब शॅकल, आणि जिप्सीला लावू नये असा एकच पार्ट निवडायचा झाला तर मी हाच निवडीन. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला आहे. ते लांब केलं की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, हौसिंग पुढं झुकतं, म्हणजे कॅस्टर (स्टिअरिंग आपणहून सरळ ठेवणारा, मागं झुकलेला कोन) कमी झाला. मग हायवेला गाडी सरळ धरत नाही, सतत स्टिअरिंग सावरत बसावं लागतंय, आणि कोल्हापूर-पुणे असा रस्ता असेल तर खांदे दुखतात. शिवाय शॅकल लांब झालं की आडवा जोर सहन करत नाही, वळणावर बॉडी बाजूला हलते. हजार-दोन हजारात उंची मिळते म्हणून लोक घेतात, पण ही उंची कामाची नाही. लिफ्ट कसलीही असो, गाडी जॅकवर घेऊन चाकं पूर्ण खाली लोंबू द्या आणि ब्रेकचे रबरी पाइप ताणले जात नाहीत ना हे हातानं तपासा, याला पाच मिनिटं लागतात.

टायरमध्ये मी 215/75 आर 15 ला आलोय. कंपनीचा 205/70 आर 15. हिशोब सोपा आहे, मूळ टायरचा व्यास 668 मिलिमीटर, याचा साधारण 703, म्हणजे गाडी खालून साडेसतरा मिलिमीटर उचलली गेली आणि स्पीडोमीटर पाचेक टक्के कमी दाखवतो, काट्यावर 60 तेव्हा खरा स्पीड 63. एवढं चालतंय. शिवाय हा बोलेरोचा साइज, त्यामुळं कणकवलीत काय, निपाणीत काय, कुठल्याही टायरच्या दुकानात मिळतो, आणि वाटेत टायर फाटला तर दोन दिवस वाट बघत बसावं लागत नाही. 235/75 पण बसतो लिफ्टवर, दिसतो एकदम रुबाबदार, पण व्यास 733 होतो, जवळजवळ दहा टक्के वाढ, आणि या इंजिनाला टॉर्क 103 न्यूटन मीटरचाच, तोही साडेचार हजार आरपीएमला. करूळ घाटात तिसऱ्याचा दुसरा, दुसऱ्याचा पहिला करत राहावं लागतंय, पाचवा गिअर शोभेचा होतो, ॲव्हरेज पडतंय ते वेगळंच. हवा भरताना बोलेरोचा आकडा भरू नका, ही तिच्यापेक्षा लई हलकी गाडी, तेवढी हवा भरली तर टायरचा मधला भागच रस्त्याला लागतो आणि सगळे पैसे घातलेलं सस्पेन्शन वाया.

पॉवर स्टिअरिंग. मोठ्या टायरवर जिप्सी पार्किंगला जड होते हे खरं आहे आणि आता मारुतीच्याच छोट्या गाड्यांची इलेक्ट्रिक स्टिअरिंगची मोटर कॉलममध्ये बसवून देणारे बरेच झालेत. ज्यांनी बसवून घेतलीय अशा दोन-तीन जणांच्या गाड्या मी चालवल्या. गावात खरंच सुख आहे, घरातल्या सगळ्यांना गाडी चालवता येते, हे कमी नाही. पण त्यासाठी स्टिअरिंगचा कॉलम कापून परत जोडावा लागतो, आणि तो जोड ज्याच्या हातचा आहे त्याच्यावर तुमचा जीव. नुसता वेल्ड नको, आत खाचांची स्लीव्ह, वरून वेल्ड आणि आरपार पिन असलं काम करणारा लेथवाला असेल तरच करा. दुसरं म्हणजे मोटर वळवताना क्षणभर प्रचंड करंट खेचते, थेट बॅटरीवरून जाड वायर, स्वतंत्र फ्यूज पाहिजे. आणि काही जण स्पीडचा सिग्नल जोडतच नाहीत, मग ऐंशीच्या स्पीडलाही स्टिअरिंग तेवढंच हलकं राहतं, पाट्याच्या गाडीत ते धोक्याचं. मी अजून बसवलेलं नाही, किंगपिन नीट झाल्यावर मला त्याची तेवढी गरजच वाटली नाही, पण घरात वयस्कर माणूस गाडी चालवणार असेल तर मी नक्की करून घेईन, चांगल्या माणसाकडून.

लाइट. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात समाधान देणारा पार्ट: हेडलाइटचा रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) किट. जिप्सीत दोन्ही बल्बचा करंट जुन्या वायरिंगमधून, स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो, 55-60 वॉटचे दोन बल्ब म्हणजे दहा अँपिअरच्या घरात, वीस वर्षांच्या वायरीत व्होल्टेज पडतं, आणि हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज थोडं पडलं की उजेड लई पडतो. रिले लावून बॅटरीवरून सरळ वायर दिली की त्याच साध्या 60/55 च्या बल्बला उजेड येतो, भुईबावड्यात धुक्यात सुद्धा कडेची पांढरी पट्टी दिसते. 100 वॉटचे बल्ब नको, होल्डर वितळतात आणि नियमात बसत नाहीत. जुन्या काचेत एलईडी बल्ब तर अजिबात नको, रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तारेसाठी घडवलेला असतो, एलईडीचा उजेड विखुरतो आणि समोरून येणाऱ्या दुधाच्या टेम्पोवाल्याच्या डोळ्यात जातो. घाटात असला अंधपणा दुसऱ्याला देणं बरोबर नाही.

इंजिनबद्दल फार बोलायला नको, कारण त्याला फार करावं लागत नाही. हेच जी13बीबी इंजिन एस्टीम आणि व्हर्सात होतं, त्यामुळं आतले बरेच पार्ट, बेल्ट, फिल्टर, प्लग सहज मिळतात. एवढंच की तिथं इंजिन आडवं, इथं उभं, म्हणून चेंबर, माउंट, मॅनिफोल्ड असली बाहेरची अंगं जिप्सीचीच मागा, दुकानदार एस्टीमचं दाखवून "एकच आहे" म्हणाला तरी घरून जुना पार्ट नेऊन शेजारी ठेवून बघा. स्नॉर्केल (पाण्यातून जाताना इंजिनाला वरून हवा देणारा उंच पाइप) लावायच्या आधी दोन्ही हौसिंगच्या ब्रीदरला (हवा जाण्या-येण्याच्या भोकाला) रबरी पाइप जोडून तो वर इंजिनच्या खोलीत न्या, शंभर-दोनशे रुपयांत होतं. गरम हौसिंग एकदम ओढ्याच्या गार पाण्यात गेलं की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं, तेल दुधी दिसायला लागलं की समजायचं. माझ्या वापराला स्नॉर्केलपेक्षा हेच जास्त उपयोगी पडलंय.

पत्रा. कोकणातली किंवा गगनबावडा-राधानगरीकडची जिप्सी घेताना मॅट उचलून फ्लोअर बघा, बॉडी माउंटचे ब्रॅकेट बघा, मागच्या चाकामागचे कोपरे बघा, काचेच्या फ्रेमची खालची पट्टी बघा. सडलेल्या पत्र्यावर काळं अंडरकोटिंग मारून दिलेल्या गाड्या बाजारात भरपूर आहेत, आत गंज तसाच खात असतो. पत्रा कापून नवीन जोडा, इपॉक्सी प्रायमर, जोडावर सीलर आणि मग कोटिंग, क्रम हाच. फ्लोअरला तयार पॅनेल मिळतात ती बरी आहेत, जाडी मात्र तपासून घ्या.

बंपर, बुलबार, एलईडीची लांब पट्टी हे मी लावलेलं नाही आणि लावणार नाही. बुलबारवर केंद्रानं डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलंय, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वरून सांगितलंय की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत बदल चालत नाही. म्हणजे लिफ्ट आणि मोठे टायर सुद्धा वादाचेच विषय आहेत, हे माहीत असूनच काय ते ठरवा. 15 वर्षं झालेल्या गाडीला दर पाच वर्षांनी परत पासिंग लागतं, पर्यावरण कर भरावा लागतो, तेव्हा इन्स्पेक्टर गाडी खालून बघतो, म्हणून कंपनीची रिम, टायर, जुने पाटे, यू-बोल्ट मी माळ्यावर जपून ठेवलेत आणि तुम्हीही भंगारवाल्याला देऊ नका. इंजिन बदलणार असाल, जुन्या बलेनोचं 1.6 लिटरचं वगैरे बरेच जण घालतात, तर आरटीओची परवानगी आधी, काम नंतर, आणि नवीन इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या. कागदावर एक आणि बॉनेटखाली एक असं असेल तर अपघातात इन्शुरन्सवाले क्लेमवर बोट ठेवणार हे नक्की.

राहिला हूड. इथल्या ताडपत्री-सीटकव्हरवाल्याकडून शिवून घेतलाय, कॅनव्हास जाड आहे, दोरा नायलॉनचा मागितला होता तो त्यांनी दिला, खिडकीचा प्लास्टिक कागद मात्र उन्हानं पिवळा पडायला लागलाय. शिवणीच्या जागी आतून पट्टी लावून घेतल्यामुळं दाजीपूरच्या पावसात सुद्धा मागच्या सीटवर थेंब आला नाही. ज्यांना रेडिमेड हूड मागवायचाय त्यांनी आधी आपल्या गाडीचे पाइप मोजावेत, मॉडेलप्रमाणं फरक असतोय आणि बटणं जुळत नाहीत.